वाचकांचे प्रश्न : मैफलींचा सलग आठवडा

प्रश्न : स. न. वि. वि. मी टिळकवाडीत राहतो. नोकरीतून निवृत्त झालो आहे. गाणे ऐकण्याचा नाद जुना आहे, शिकलो मात्र कधीच नाही. यंदा जानेवारीत योग असा जुळून आला की, सोमवारी लोकमान्य रंगमंदिरात ख्यालगायन, मंगळवारी शहापुरात एका घरी सतारीची बैठक, बुधवारी आणि गुरुवारी धारवाडला गायन, शुक्रवारी कोल्हापूर, शनिवारी पुन्हा बेळगावात बासरी आणि रविवारी मिरज, असा अख्खा आठवडा साधता आला. सगळे कार्यक्रम सायंकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होणारे होते. पहिले दोन-तीन दिवस मी तृप्त होतो. गुरुवारपासून मात्र सूर नुसते कानांवर पडत होते, आत काही जात नव्हते. शुक्रवारी गायक मारुबिहाग गात असताना मला तो बराच वेळ यमन वाटला. शेजारच्या गृहस्थांनी हळूच सांगितले तेव्हा ओशाळलो. शनिवारी बासरी ऐकता ऐकता चक्क डुलकी लागली. सौ. म्हणते, "तुम्ही गाणे ऐकायला जात नाही, हजेरी लावायला जाता." माझी ऐकण्याची कुवतच एवढी आहे का? पुढल्या वर्षी असा आठवडा आला तर काय करावे? — एक श्रोता, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : कुवतीबद्दलच्या शंकेचे उत्तर आपल्या पत्रातल्या कार्यक्रमपत्रिकेतच आहे. सगळ्या मैफली सायंकाळच्या होत्या. साडेसहा ते साडेनऊ या वेळेत गायक-वादक जे राग घेतात त्यांचे वर्तुळ फार मोठे नसते. सूर्यास्ताच्या सुमारास मारवा, पूरिया, श्री किंवा पूरिया धनाश्री. दिवेलागणीनंतर यमन, भूप, शुद्ध कल्याण. पुढे बिहाग, मारुबिहाग, बागेश्री आणि कार्यक्रम रंगून लांबलाच तर मालकंस. यांतल्या निम्म्याहून अधिक रागांत तीव्र मध्यम, म्हणजे चढा 'म', कमीअधिक प्रमाणात आहे. मारवा आणि पूरिया यांचे तर स्वर तेच आहेत : कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम वर्ज्य. फरक केवळ चलनाचा. मारवा ऋषभ-धैवतावर उभा राहतो आणि षड्जाला, म्हणजे मूळ 'सा'ला, शक्य तितके टाळतो, तर पूरिया गंधार-निषाद धरून मंद्र सप्तकात रमतो. तेच स्वर घेऊन तार सप्तकात वावरणारा सोहनी रात्री उशिराचा, म्हणून तो आपल्या आठवड्यात बहुधा आलाच नसेल. एकाच प्रहरातल्या इतक्या जवळच्या नातलगांना रोज भेटल्यावर पाचव्या दिवशी नावांची गल्लत झाली, तर त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

मारुबिहाग आणि यमन यांच्याबाबत एक खूण सांगतो, ती पुढच्या वेळी उपयोगी पडेल. दोन्हींत तीव्र मध्यम ठळक असतो, म्हणून केवळ त्या स्वरावर विसंबून राहिलेला कान फसतो. यमनाचा चढ पुष्कळदा 'नि रे ग' असा ऋषभावरून जातो. मारुबिहागात आरोहात ऋषभ आणि धैवत घेत नाहीत, तो 'नि सा ग' असा बिहागाच्या वाटेने चढतो आणि अधूनमधून षड्जाशी जोडून शुद्ध मध्यम दाखवून जातो. चढताना ऋषभ लागतो की नाही, एवढ्याकडेच पहिली पाच मिनिटे लक्ष ठेवले तरी पुरे.

दुसरे कारण श्रोत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, ते म्हणजे रोज बदलणारा षड्ज. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचे तर पुरुष गायक साधारणपणे काळी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया बहुधा काळी चार-पाचच्या आसपास, आणि मैफलीतली बासरी पुष्कळ वेळा पांढरी तीनची असते. कान राग ओळखतो तो षड्जाशी असलेल्या प्रत्येक स्वराच्या अंतरावरून. त्यामुळे षड्ज बदलला की कानाला दरवेळी नव्याने ठाण मांडावे लागते. ताज्या कानाला ते सहज जमते, पण रात्री उशिरा घरी पोहोचून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रवासाला निघालेल्या कानाला त्यासाठी वेळ हवा असतो. नेमका तोच वेळ आपण पार्किंग आणि चहा यांत घालवतो. तानपुरे जुळत असतानाच सभागृहात जाऊन बसावे, असा माझा आग्रह आहे. ती दहा-पंधरा मिनिटे मैफलीचाच भाग आहेत. त्या वेळी मनातल्या मनात षड्ज धरून ठेवला की पुढचा विलंबित ख्याल अर्धा सोपा होतो.

तिसरी गोष्ट या सीमाभागाच्या भाग्याची आहे, आणि तीच आपल्याला थकवणारी ठरली. येथे दोन-तीन तासांच्या प्रवासात गायकीच्या अगदी वेगळ्या वाटा भेटतात. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्यामुळे किराणा घराण्याची स्वरास्वराने होणारी संथ बढत या मुलखाच्या अंगवळणी पडली. दुसरीकडे अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. त्यांचे पुत्र मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडून जयपूर-अत्रौली गायकी धारवाडजवळच्या मन्सूर गावच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यापर्यंत आली. आणि या दोन्ही वाटांत न मावणारे कुमार गंधर्व जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत, १९२४ साली. किराण्याचा गायक अतिविलंबित एकतालात गंधारावर पोहोचायला दहा मिनिटे घेतो, तेव्हा श्रोत्याने सैल होऊन थांबायचे असते. जयपूरचा गायक त्या मानाने चढ्या लयीच्या तीनतालात एखादा जोडराग, म्हणजे दोन रागांच्या मिलाफातून झालेला राग, मांडतो, तेव्हा सावध राहून पेच मोजायचे असतात. बुधवारी एक आणि गुरुवारी दुसरे ऐकणाऱ्याला रात्रीतून आपली बैठकच बदलावी लागते. गुरुवारी आपल्या आत काही गेले नाही त्याचे कारण मला यातच दिसते.

आता पुढल्या वर्षीचे. असा आठवडा पुन्हा आला तर त्यातले कार्यक्रम सरळ कमी करावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. चार मैफली ऐकाव्यात आणि प्रत्येक मोठ्या मैफलीनंतरचा दिवस कोरा ठेवावा. कोरा म्हणजे खरोखरच कोरा. त्या दिवशी यूट्यूबवर त्याच गायकाचा तोच राग शोधत बसू नये. रात्री ऐकलेला राग दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना किंवा फिरायला गेल्यावर आपोआप वर येतो, एखादी मुखड्याची ओळ दिवसभर मागे लागते, आणि मैफलीत निसटून गेलेली जागा तेव्हा उमगते. ऐकण्यातला हा उत्तरार्ध आपल्या आठवड्यात कोठेच नव्हता. झोपेचेही तसेच आहे. शिकलेले आणि ऐकलेले स्मरणात पक्के होण्यात झोपेचा वाटा मोठा असतो. कोल्हापूरहून बेळगाव साधारण एकशे दहा किलोमीटर. कार्यक्रम संपवून घरी टेकायला मध्यरात्र उलटली असणार. तेव्हा शनिवारच्या डुलकीचा दोष बासरीवादकाकडे जात नाही, आपल्याकडेही जात नाही. परगावची मैफल असेल तर रात्री तेथेच मुक्काम करून सकाळी परतावे.

शक्य असल्यास त्या चारांतली एक मैफल सकाळची निवडावी. तोडी, ललत, अहिर भैरव, देसकार हे राग सायंकाळच्या सभागृहात वर्ष-वर्ष ऐकायला मिळत नाहीत, आणि आठवड्याच्या मध्यावर कोमल ऋषभ-गंधार-धैवतांचा तोडी कानावर आला की सगळी सायंकालीन सरमिसळ धुऊन निघते. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी ही उणीव थोडी भरून काढली आहे, पण त्यांत नाट्यगीते आणि भावगीते अधिक, राग कमी, ही माझी जुनी तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

आणखी एक उपाय थकलेल्या दिवसासाठी. गायक आत शिरत नसेल त्या दिवशी साथीदार ऐकावा. बेळगावच्या श्रोत्याला हे सांगायला नको, कारण रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या हार्मोनियमवादकाचे हे गाव. त्यांनी येथे किती तरी विद्यार्थी घडवले. गायकाने घेतलेली जागा पेटीवाला लगेच उचलतो की अंतर ठेवून नुसती सूचित करतो, समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी तबलजी कोठे भरतो आणि कोठे मोकळे सोडतो, एवढेच पाहिले तरी त्या संध्याकाळचे काहीतरी हाती लागते, आणि पुष्कळदा त्या वाटेने गायकही आत येतो.

सौभाग्यवतींचे म्हणणे अर्धे खरे आहे, असे नम्रपणे सुचवतो. पुढच्या वेळी त्यांनाही बरोबर न्यावे. कोणत्या मैफलीला जायचे आणि कोणती सोडायची, याचा निर्णय त्या आपल्यापेक्षा लवकर करतील.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. बेळगावच्या मैफलींना आवर्जून येते, पण शेवटच्या बसच्या भीतीने भैरवी कधी ऐकायलाच मिळत नाही. मध्येच उठताना फार अवघड वाटते. कलाकाराचा अपमान होतो का? आणि हल्ली रात्रभर मैफली का होत नाहीत? — एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : उठण्याने अपमान होत नाही; कधी आणि कसे उठतो यावर ते अवलंबून आहे. आल्यावर मागच्या बाजूची, दाराजवळची आणि रांगेच्या टोकाची जागा घ्यावी. एक राग संपून टाळ्या चालू असताना निघावे. आलापीत किंवा गायक षड्जावर स्थिरावत असताना उठू नये. निघायची वेळ जवळ आली असेल तर नवा राग सुरू होण्याआधीच निघणे बरे, कारण अर्धवट ऐकलेला विलंबित ख्याल घरी नेण्यासारखा नसतो. आपल्यासारखे खानापूर, संकेश्वर, निपाणीकडचे आणखी कितीतरी श्रोते मध्यंतरात घड्याळ पाहत असतात. चार-पाच जणांनी मिळून एक गाडी ठरवणे, किंवा संयोजकांना कार्यक्रम पत्रिकेतल्या वेळेवरच सुरू करण्याची लेखी विनंती करणे, हे दोन्ही उपाय मला व्यवहार्य वाटतात. साडेसहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू झाला की त्याची किंमत गावाबाहेरचा श्रोता भैरवी गमावून मोजतो, हे संयोजकांच्या ध्यानातच येत नाही.

प्रवास करून गाणे मिळवण्याची या भागाची परंपरा मोठी आहे. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात, आणि परतीच्या गाडीची वेळ सांभाळतच त्यांची तालीम चाले. त्यामुळे घड्याळाकडे डोळा ठेवून ऐकल्याचा संकोच आपण मनातून काढून टाकावा.

रात्रभराच्या मैफली मागे पडण्याचे एक कारण कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या केंद्रीय नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र रात्र चाले, तोही पुढे वेळेच्या बंधनात आला. बंदिस्त सभागृहाला मात्र हे बंधन त्याच स्वरूपात लागू नाही, कारण सभागृहाच्या आतल्या आत वापरल्या जाणाऱ्या ध्वनिक्षेपकाला नियमांतच सूट आहे. तेव्हा सभागृहातली मैफल साडेनऊला गुंडाळली जाते तेव्हा कारण बहुधा वेगळे असते : सभागृहाचे भाडे, कर्मचाऱ्यांच्या वेळा आणि दुसऱ्या दिवशीचे आपणा सर्वांचे ऑफिस.

प्रश्न : निपाणीजवळ एका उत्सवात मैदानावर नाट्यगीतांचा आणि फ्यूजनचा कार्यक्रम सलग दोन रात्री ऐकला. आम्ही स्पीकरच्या जवळच बसलो होतो. त्यानंतर दोन दिवस कानांत शिट्टी वाजत होती. वडिलांना तर अजून नीट ऐकू येत नाही असे वाटते. आता पुढच्या महिन्यात पुन्हा तीन कार्यक्रम आहेत. जावे का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : वडिलांना आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे, आणि उद्यावर ढकलू नये, ऐकू येणे अचानक कमी झाले असेल तर उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. कानांत शिट्टी वाजणे म्हणजे कानावर सोसवेल त्यापेक्षा जास्त भार पडला आहे, अशी खूण समजावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो, पण ९० डेसिबलचा आवाज आठवड्याला केवळ ४ तास. दर ३ डेसिबलच्या वाढीला सुरक्षित वेळ निम्म्याने घटतो, असा साधारण नियम आहे. मैफलींचा आठवडा म्हटले की आपण पैसे आणि सुट्टी यांचा हिशेब करतो. कानांचा हिशेबही आठवड्यानेच होतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. याच संघटनेने २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी काढलेल्या मानकात १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही वरची मर्यादा घातली आहे, आणि श्रोत्यांना कानांत घालायचे बोळे उपलब्ध करून द्यावेत, शांत बसण्याची जागा ठेवावी, असेही म्हटले आहे. आमच्याकडच्या मैदानांवर अशी व्यवस्था असलेला उत्सव मी पाहिलेला नाही.

पुढच्या कार्यक्रमांपैकी एखाद्यालाच जावे, तेही शिट्टी पूर्ण थांबली असेल तर. स्पीकरपासून दूर बसावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, म्हणजे दहाऐवजी वीस मीटरवर बसल्याने खरोखरच फरक पडतो. औषधांच्या दुकानात फोमचे बोळे स्वस्तात मिळतात. त्यांनी गाणे थोडे दबके वाटते, पण ऐकू येते. ज्यांना ध्वनिक्षेपकाचा त्रास होतो त्यांनी घरगुती बैठकींचा शोध घ्यावा, असेही मी सुचवीन. विनामाईकचा तानपुरा पाच हातांवरून ऐकण्यात जे मिळते ते कोणत्याही मैदानावर मिळत नाही.

प्रश्न : धारवाडच्या मैफली पुष्कळदा वचनाने किंवा दासरपदाने संपतात. मला बोलण्यापुरते कानडी येते, पण हे शब्द कळत नाहीत आणि शेवटची दहा मिनिटे मी बाहेरच्यासारखा बसून राहतो. काय करावे? — एक विद्यार्थी, चिक्कोडी

उत्तर : सगळे शब्द कळण्याची अट स्वतःवर घालू नये. सुरुवातीला अंकित, म्हणजे कर्त्याची ठरलेली नाममुद्रा, तेवढे पकडावे. वचने शिवभक्तांची, दासरपदे विठ्ठलभक्त हरिदासांची. अभंगात 'तुका म्हणे' आले की आपण जसे शेवट जवळ आल्याचे ओळखतो, तशी कन्नड रचनांतही कर्त्याची खूण असते. बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या वचनांत 'कूडलसंगमदेव' येतो, अक्कमहादेवींच्या वचनांत 'चन्नमल्लिकार्जुन', पुरंदरदासांच्या पदांत 'पुरंदर विठ्ठल' आणि कनकदासांच्या पदांत कागिनेलेचा आदिकेशव. एवढ्या चार खुणांनी रचना कोणाची आणि शैव की वैष्णव, हे तरी लगेच कळते. विठ्ठल तर आपल्या ओळखीचाच आहे.

वचने मुळात गद्याच्या जवळची, तालात न बांधलेली. त्यांना राग आणि चाल गायकाने दिलेली असते. त्यामुळे गायक कोणता शब्द पुन्हा पुन्हा घेतो, कोठे ओळ तोडतो, यातून अर्थाचा कल हळूहळू हाती येतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायिलेली वचने या दृष्टीने निवांत ऐकावीत. भीमसेन जोशी मराठी अभंग आणि कन्नड दासरपदे सारख्याच तळमळीने गात; त्यांची दोन्ही ध्वनिमुद्रणे एका बैठकीत ऐकली तर परकेपणा बराच कमी होईल. आणि मध्यंतरात शेजारच्या कन्नड श्रोत्याला अर्थ विचारायला संकोच करू नये. धारवाडचे श्रोते यासाठी अर्धा चहा थंड होऊ देतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मैफलीत मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे का? फक्त स्वतःसाठी. — एक वाचक, शहापूर

उत्तर : संयोजकांना आणि कलाकाराला विचारून, त्यांची परवानगी असेल तरच. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलाकारांना स्वतंत्र हक्क मिळाला आहे. स्वतःपुरते ठेवलेले मुद्रण ही एक गोष्ट आणि ते संमतीवाचून गटागटांत पाठवणे ही दुसरी. पण माझा खरा आक्षेप कायद्याचा नाही. मुद्रण चालू असले की 'घरी गेल्यावर ऐकू' म्हणून मन सैल पडते, हात अवघडतो, आणि मागच्या रांगेतल्याला गायकाऐवजी आपला उजळलेला पडदा दिसत राहतो. फोन बंद करून खिशात ठेवावा. नुसता कंपनावर ठेवला तर लाकडी खुर्चीवर तोही ऐकू येतो.